मदत हवी आहे: अकरावी कॉमर्सच्या वर्गात खोटी कंपनी काढतोय, गिऱ्हाईक कुठून आणू?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यात, अमळनेरपासून तासाभराच्या रस्त्यावर, एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पुस्तपालन शिकवतो. पटावर ४६ पोरं, वर्गात तीसेक, कापूस वेचणीला त्याहून कमी. धनको कोण, ऋणको कोण हे सगळ्यांना तोंडपाठ. पण एकाच्या घरच्या किराणा दुकानातली उधारीची वही वर्गात आणली, तर त्यातला ऋणको कुणालाच ओळखता येईना. वहीत नुसतं 'टेकडीवालं घर, ३४०' असं लिहिलेलं होतं.

म्हणून गेल्या वर्षी खरा धंदा करून पाहिला. प्रत्येकी ५० रुपये भांडवल आणि माल बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. स्नेहसंमेलनात विकायच्या म्हणून ऐन डिसेंबरात घातल्या. बिबड्या चैत्रात घालतात हे मला कळत नव्हतं असं नाही, पण संमेलन काही चैत्रात नसतं. ज्वारी तीन दिवस भिजवली, भरडली, एका मुलीच्या आईने तीळ-लसूण घालून चुलीवर शिजवली, पोरींनी ओल्या फडक्यावर थापून खाटेवर टाकली. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं ते चार दिवस गेलंच नाही. निम्म्या फडक्याला चिकटल्या, काहींवर बुरशी. उरलेल्या विकल्या, तर रोकड वहीत ३१० रुपये कमी. खजिनदार पोरगा रडला. एकाचे वडील ५० रुपयांवर व्याज मागायला आले. मुख्याध्यापकांनी सांगितलं, वर्गात पुन्हा खरा पैसा नको. राग आला होता, आता वाटतं त्यांचं बरोबर होतं.

तरी त्या गोंधळात एक प्रश्न असा निघाला की पुस्तकातून तो कधीच निघाला नसता. नफा-तोटा काढताना एकीने विचारलं, "सर, आईची मजुरी कोणत्या खात्याला टाकायची?" तो तास संपला तरी वाद संपला नाही.

यंदा पैसा खोटा, कागद खरे असं ठरवलंय. माल केळीचे वेफर्स. १० रुपयांचा एक शेअर. शेअर म्हणजे काय ते आमच्याकडे फार समजवावं लागत नाही. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला त्याची पुढे विप्रो झाली, आणि कुणाच्या आजोबांनी तेव्हाचे कागद जपले नि कुणाच्या आजोबांनी विकून टाकले, या गोष्टी पोरांनी घरी ऐकलेल्याच असतात. पुस्तपालन, चिटणिसाची कार्यपद्धती आणि वाणिज्य संघटन, तिन्ही विषय यात आपोआप येतात. मागणीपत्र, बीजक (म्हणजे बिल), रोजकीर्द, खतावणी, तेरीज, संचालकांच्या सभेचं इतिवृत्त, सगळं पोरंच लिहिणार.

सगळी मांडणी फळ्यावर काढून झाली तेव्हा मागच्या बाकावरून एक जण अहिराणीत म्हणाला, "सर, पन हाई बठ्ठं लेई कोन?" (पण हे सगळं घेणार कोण?)

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपणच बनवायचं नि आपणच विकत घेतलं असं लिहायचं, तर विक्री नेहमीच फक्कड होणार. जाणकारांनी सुचवावं. आठवड्याला दोन तास मिळतात, ४० मिनिटांचे. संगणक कक्षात चालू स्थितीत सहा मशीन आहेत. वीज असेल तेव्हा.

आणखी एक. सगळ्या मुलांना मॅनेजर व्हायचंय आणि हिशेब मुलींवर ढकलायचाय. यावरही काही असेल तर सांगा.

परदेशस्थ भुसावळी:
सर, तुमच्या मागच्या बाकावरच्याला मार्केटिंग खातं देऊन टाका.

माझी मुलगी ऑस्ट्रियात व्यापारी शाळेत शिकली. तिथे ही 'यूबुंग्सफिर्मा', म्हणजे सराव-कंपनी, अभ्यासक्रमाचाच भाग आहे. न्यूयॉर्कच्या शाळांतही १९९६ पासून असाच प्रकार चालतो. त्यातली खुबी अशी की कंपनी स्वतःला विकतच नाही. एका शाळेची कंपनी दुसऱ्या शाळेच्या कंपनीला विकते. माल नाही, पैसा नाही, पण बीजक येतं, चुकीचं असेल तर परत जातं, थकबाकीची पत्रं जातात. बँक आणि कर कार्यालय यांचं सोंग एक मध्यवर्ती कचेरी घेते. प्रत्येक मुलाला खोटा पगार मिळतो आणि तो त्याने इतर कंपन्यांकडे खर्च करायचा असतो. म्हणजे पैसा फिरतो.

तुमच्याकडे दुसरी शाळा लगेच मिळणार नाही. ४६ चे दोन भाग करा. एक वेफर्सवाली कंपनी, दुसरी तिला केळी, तेल, पिशव्या पुरवणारी. चौघांची बँक. कर कार्यालय तुम्ही स्वतः, आणि जरा खडूसपणे वागा.

कामाच्या वाटपाबद्दल: तिच्या शाळेत दर काही आठवड्यांनी खातं बदलायचे. मॅनेजरच्या खुर्चीवरून उठलेल्याला पुढे बीजकं लावत बसावं लागायचं. 'मलाच हवंय' बरंच कमी झालं.

सही-शिक्का:
मी कंपनी सेक्रेटरी आहे. गंमत म्हणून वाचत होतो, पण दोन ठिकाणी थांबवावंसं वाटलं.

पहिलं, पालकांकडून खरे पैसे 'शेअर' म्हणून पुन्हा घेऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करारच ठरत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यातही 'अज्ञान' व्यक्तीला (कायद्याचा शब्द, माझा नाही) भागीदारीच्या फायद्यात घेता येतं, भागीदार करता येत नाही. हे पोरांना जरूर सांगा, त्यांच्याच वयाची गोष्ट आहे म्हणून लक्षात राहील.

दुसरं, पावती पुस्तकावर नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' छापू नका. नोंदणी नसताना तसं नाव लावून व्यवहार केला तर २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ४५३ आहे, दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड. वर्गातल्या खेळासाठी तुम्हाला कोणी धरणार नाही, पण पावती गावात फिरू शकते. 'सराव कंपनी' असं ठळक लिहा.

सभेचं इतिवृत्त मात्र अगदी काटेकोर लिहून घ्या. सूचक, अनुमोदक, गणसंख्या, सगळं. माझ्याकडे येणारी शिकाऊ मुलं नेमकी तिथेच चाचपडतात.

रावेरकर:
दादा, तुमची कच्ची केळी कितीला घेताय ते आधी सांगा. पुस्तकात लिहाल 'केळी खरेदी' आणि वर्षभर एकच आकडा. तसं नसतं. आमच्याकडे भाव रोज निघतो, क्विंटलवर, नि छापलेला एक आणि बांधावर व्यापारी देतो तो दुसरा. पोरांना रोज सकाळी त्या दिवसाचा खरा भाव फळ्यावर लिहायला लावा. पुरवठादार कंपनीने त्याच भावाने माल द्यायचा. वेफर्सवाल्यांनी पुड्याची किंमत आधीच छापली असेल तर बसतील डोक्याला हात लावून.

आणि वजनाचा हिशेब कागदावर नका करू. घरी डझनभर कच्ची केळी सोला, कापा, तळा. आधी वजन, सालीचं वजन, तळून झाल्यावर वजन, कढईतलं तेल किती उतरलं ते. हा प्रयोग एका घरी एकदाच करायचा, खर्च फार नाही.

उधारीशिवाय धंदा दाखवू नका. बुडीत कर्ज हे खातं पोरांना शिकवता ना? मग एक गिऱ्हाईक बुडवाच.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. दोन कंपन्या आणि बँक हे लगेच उचललं. भाव फळ्यावर लिहायचं काम ज्याचे वडील केळीची गाडी चालवतात त्याला दिलंय. पहिल्या सभेचं इतिवृत्त सूचक-अनुमोदकासह लिहिलं.

पण रावेरकर दादा, शेवटी वेफर्सचा पुडा कोणी घ्यायचा ते राहिलंच. नववीच्या वर्गाला खोटी कुपनं द्यावीत असा विचार होता. पण पुडा मिळणारच नाही म्हटल्यावर पोरं मनात येईल ते लिहितील.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचंही सांगतो. फुकटचा एज्युकेशन मोड टाकला, तर त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेतल्या जातात. आमच्या कंपनीची महिन्याभराची विक्री दोन-तीन दिवसांत उरकल्यासारखी दिसली. बँकवाल्या पोरांनी कर्ज नाकारलं, कारण 'बाकीचे दिवस दुकान बंद असतं'. आता लांब वहीवर आलोय, तेच बरं.

परदेशस्थ भुसावळी:
कुपनं द्या, पण तीन पर्याय ठेवा: तुमचा पुडा, गावातल्या दुकानातला त्याच वजनाचा पुडा त्याच्या खऱ्या किमतीला, आणि 'काहीच घेणार नाही'. 'नाही' लिहिलं तर कारण लिहायचं, एका ओळीत. उरलेलं कुपन पुढच्या आठवड्यात चालेल, म्हणजे उगाच उडवणार नाहीत. फुकटचं गिऱ्हाईक नेहमी हो म्हणतं, नाही म्हणायची सोय ठेवली की खरं बोलतं.

सही-शिक्का:
पुड्यावर काय छापणार ते आधी पाहा. २०११ च्या वजन-मापाच्या नियमांत निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता हे सगळं लागतं.

धागाकर्ता:
काल नववी ब मध्ये कुपनं फिरवली. आमच्या कंपनीने रंगीत पोस्टर केलं होतं, 'खान्देशची शान' वगैरे. सोबत कागदाचा कोरा पुडा, चिकटवलेला, फुगवलेला.

३८ पोरांपैकी २७ जणांनी 'काहीच घेणार नाही' लिहिलं. सहा जण दुकानातल्या पुड्याकडे गेले. आमच्याकडे पाच, त्यातला एक संचालकाचा सख्खा भाऊ.

कारणं वाचायला मजा आली. 'महाग'. 'घरी आई करते'. 'तिखट आहे का ते नाही लिहिलं'. आणि अकरा चिठ्ठ्यांवर एकच: 'पुड्यावर वजन नाही'. सही-शिक्का साहेब, तुमचा प्रतिसाद मी पोरांना मुद्दामच दाखवला नव्हता.

विक्री खात्याची प्रमुख (तीच, आईच्या मजुरीवाली) त्या अकरा चिठ्ठ्या घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, पुडा रिकामा आहे, वजन काय लिहू? मी काही बोललो नाही. ती दोन पोरांना घेऊन तडक प्रयोगशाळेत गेली आणि भौतिकच्या सरांकडून तराजू मागून आणला. रविवारी तिच्याकडे डझनभर केळी तळायची आहेत. तिच्या आईने एक अट घातलीय: मजुरी कोणत्या खात्याला टाकणार ते आधी सांगायचं.

तर आता प्रश्न हा आहे. कोणत्या खात्याला टाकू?