मदत हवी आहे: १३ एचपीच्या इंजिनावर एअरबोटीसाठी कोणता प्रोपेलर? (माजलगाव धरण)

नमस्कार मंडळी,

माजलगाव धरणाच्या फुगवट्याला आमच्या गावची मच्छीमार सोसायटी आहे. पाणी उतरायला लागलं की काठाकडे गुडघाभर पाणी, त्याखाली तेवढाच गाळ, गाळात बुडालेल्या बाभळींची खुंटं आणि वर जलपर्णी. आऊटबोर्ड मोटार वापरून झाली. मुळ्या आणि फाटक्या जाळ्यांचा नायलॉन तिच्या पंख्याला असा आवळून बसतो की विळ्यानं कापून काढावा लागतो. आमची बरीच माणसं अजून थर्माकोलच्या तराफ्यावरच जातात. म्हणून पंखाच पाण्याबाहेर, मागं हवेत ठेवायचा विचार आहे.

होडी पत्र्याची, सपाट तळाची, चौदा फुटी. इंजिन होंडा जीएक्स ३९०, मिनिटाला ३६०० फेऱ्यांचं. दोन माणसं, जाळी आणि मासळी धरून सगळं वजन सव्वातीनशे किलोच्या घरात जाईल. वेगाची हौस नाही, जलपर्णीतून रेटून बाहेर निघता आलं म्हणजे झालं.

प्रोपेलरचे तीन पर्याय समोर आहेत. एक, ३६ इंची लाकडी, थेट शाफ्टवर बसणारा. दोन, पॅरामोटरचा (पाठीवर इंजिन-पंखा बांधून छत्रीनं उडतात त्याचा) जुना १३० सेंटीमीटरचा, दोन पात्यांचा. तीन, चिकलठाण्याच्या भंगारात कूलिंग टॉवरचा ॲल्युमिनियमचा पंखा किलोच्या भावानं मिळतोय. मामांचं म्हणणं, मोठा पंखा म्हणजे जास्त वारा, १३० वाला थेट इंजिनावर चढवून टाका. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते आकड्यात सांगता येईना. कुणी सांगेल का?

– सिंदफणाकाठ

*

वाळूज बी शिफ्ट:

तिसरा पर्याय आधी फेकून द्या. कूलिंग टॉवरच्या पंख्याचं टोक सेकंदाला साठेक मीटरच्या वर जाऊ नये अशा बेतानं तो बनवलेला असतो. ३६ इंची पंखा ३६०० फेऱ्यांवर फिरवला तर टोक १७२ मीटरनं पळतं. पातं उपटणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे आठपट. ते पातं सुटलं तर समोर तुम्हीच बसलेले असणार.

आता मामांचं. प्रोपेलर फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनानं आणि व्यासाच्या पाचव्या घातानं वाढते. सगळी मेख या पाचव्या घातात आहे. कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरकी असलेला ३६ इंची पंखा ३६०० वर साधारण ६ किलोवॅट खाईल. तसलाच १३० सेंटीमीटरचा त्याच फेऱ्यांवर ३४ किलोवॅट मागेल, म्हणजे ४५ एचपीच्या वर. तुमच्या इंजिनाचे १३ एचपी हे जुन्या मोजणीचे, नेट ताकद ११.७ एचपी, म्हणजे ८.७ किलोवॅट. थेट बसवलात तर इंजिन १९००–२००० च्या पुढं चढणारच नाही. पूर्ण रेस देऊनही गुरगुरत राहील, तापेल, आणि चाळीसेक टक्के ताकद वापरलीच जाणार नाही.

थेटच लावायचा असेल तर ३८ इंच. ३६ जरा लहान पडतो.

सिंदफणाकाठ:

धन्यवाद दादा, हेच हवं होतं. पण मग १३० वाला बादच का? पट्टा टाकून फेऱ्या उतरवल्या तर?

वाळूज बी शिफ्ट:

तर तोच सगळ्यात चांगला! त्याच ताकदीत मोठा पंखा हळू फिरवला की ढकल जास्त मिळते, कारण तो जास्त हवेला कमी वेगानं मागं सारतो. इंजिनावर ५ इंची पुली, वरच्या शाफ्टवर ८ इंची. पंखा २२५० वर फिरेल आणि इंजिन आपल्या ३६०० वर राहील. माझ्या हिशेबानं थेट ३८ इंचीची ढकल ३५ किलोच्या आसपास, पट्ट्यावरच्या १३० ची ४० च्या थोडी वर, पट्ट्यातला तोटा वजा करून. पुस्तकातल्या तक्त्यांत याहून मोठे आकडे दिसतील. ते १५ अंश तापमानाचे आणि समुद्रसपाटीचे असतात. मे महिन्यात आपल्याकडे चाळिशी पार झाली की हवाच तेरा-चौदा टक्के विरळ असते.

बी सेक्शनचे तीन पट्टे टाका, दोनवर भागवू नका. कडबा कुट्टी आणि मळणी यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे पुल्या, पेडेस्टल बेअरिंग, ताण द्यायची सरकती पट्टी सगळं मिळतं. बेअरिंग घेताना पंख्याचा रेटा शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं येतो हे त्याला सांगा, कुट्टीला तसा येत नाही. ग्रब स्क्रूवर (बेअरिंग शाफ्टला आवळणारा बारका बिनडोक्याचा स्क्रू) विसंबू नका, शाफ्टला खांदा काढून घ्या.

पट्टीचा पोहणारा:

कामून एवढा खटाटोप? लॉन्ग टेल लावा की. लांब दांड्याचा पंखा, गाळ आला की उचलायचा. निम्म्या पैशात काम. आणि १२ एचपीची एअरबोट म्हणजे टीव्हीवर दिसते तशी उडत जाईल असं वाटत असेल तर विसरा.

सिंदफणाकाठ:

उडायचं नाहीच दादा. लॉन्ग टेल शेजारच्या गावात आहे, खुल्या पाण्यात चांगली चालते. जलपर्णीत तिचीही तीच गत, वर दुसऱ्याचं जाळं कापलं की भांडण वेगळं.

हवेतला माणूस:

पॅरामोटर उडवतो म्हणून दोन शब्द. जुना प्रोपेलर घेण्याआधी तो डाव्या फिरकीचा की उजव्या ते बघा, दोन्ही मिळतात. तुमच्या इंजिनाचा शाफ्ट, शाफ्टच्या तोंडाकडून बघितलं तर, घड्याळाच्या उलट फिरतो. पट्ट्यानं दिशा बदलत नाही, गिअर टाकला तर बदलते. आता होडीच्या मागं उभे आहात असं समजा. पातं उभं धरा, सपाट बाजू तुमच्याकडं, फुगीर बाजू होडीकडं. वरच्या पात्याची जाड गोलसर कड तुमच्या डाव्या हाताला आली पाहिजे. उजवीकडं आली तर तो पंखा तुमचा नाही. उलटा करून बसवला तरी फिरकी बदलत नाही, फक्त पात्याची पाठ पुढं येते आणि ढकल मार खाते.

टोकं आणि बुडाजवळची भोकं नखानं चाचपून बघा. रंगाखाली केसाएवढी चीर असली तरी घेऊ नका. लाकडी असेल तर आणखी एक: आपल्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि हबचे, म्हणजे मधल्या बुडाचे बोल्ट सैल होतात, पावसाळ्यात तेच फुगतं. हंगाम बदलला की टॉर्क पान्यानं तपासायचे, अंदाजानं आवळायचे नाहीत.

वाळूज बी शिफ्ट:

पिच जुळतं की नाही ते पाण्यावर जायच्या आधी कळतं. होडी दोरानं बाभळीला बांधा आणि मधे कापूस मोजायचा लटकता काटा अडकवा. फुल रेस द्या. टॅकोमीटर घ्या, पण नुसत्या फेऱ्यांवर जाऊ नका. या इंजिनाला गव्हर्नर आहे, तो ३६०० धरूनच ठेवतो. कार्बोरेटरची थ्रॉटलची कांडी बघा. ३६०० वर कांडी पूर्ण उघडलेली नसेल तर पंखा हलका पडतोय. ५ च्या जागी साडेपाच इंची पुली टाकून पंख्याच्या फेऱ्या वाढवा. कांडी पूर्ण उघडूनही फेऱ्या ३२०० लाच अडकत असतील तर पंखा जड आहे, साडेचार इंची टाका, म्हणजे पंखा हळू फिरेल. दर वेळी काट्यावरचा आकडा लिहून ठेवा.

हवेतला माणूस:

आणि हे सगळं पिंजरा बसवल्यावरच. मागून, पुढून आणि बाजूंनी, हात जाणार नाही एवढ्या बारीक जाळीचा. मनगटाला दोरी असलेला किल स्विच लावा, दोरी ओढली गेली की इंजिन बंद. गळ्यातलं उपरणं होडीत नकोच.

सिंदफणाकाठ:

ठरलं. १३० वाला शनिवारी बघायला जातो, डावी कड लक्षात ठेवतो. लेथवाल्याला शाफ्टचं सांगितलंय, तो म्हणतो ३० मिलिमीटर पुरे, मी ३५ सांगणार आहे. आता सुकाणूचं बोला: पंख्यामागं एकच मोठी फळी ठेवू की दोन लहान? आणि पंख्यापासून किती लांब?