शब्दचर्चा : आकारमान, घनफळ, धारकता

प्रश्न (पेडणे) : मी प्राथमिक शाळेत मराठी माध्यमातून शिकवते. गणिताच्या पाठात ‘घनफळ’ आणि ‘धारकता’ हे शब्द येतात, तर विज्ञानाच्या पाठात ‘आकारमान’ येतो. द्रवासाठी लिटर आणि घन पदार्थासाठी घनसेंटिमीटर, अशी वाटणी करून शिकवले तर चालेल का?

उत्तर (फोंडा) : ही वाटणी सोयीची वाटली, तरी ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे मूळ ‘घन’ या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. ‘घन पदार्थ’ म्हणताना घन म्हणजे घट्ट, आणि ‘घनमीटर’ म्हणताना घन म्हणजे लांबी, रुंदी व उंची सारखी असलेली आकृती. पण कानावर शब्द एकच पडत असल्यामुळे घनसेंटिमीटर हे घट्ट वस्तूंचेच माप असणार, असा मुलांचा समज होतो आणि पुढे तो सहजासहजी जात नाही. म्हणून पदार्थाची अवस्था सांगताना ‘स्थायू’ हाच शब्द वापरावा आणि ‘घन’ हा शब्द एककांसाठी राखून ठेवावा.

एककांमध्ये असा भेद मुळातच नाही. एक मिलिलिटर म्हणजे एक घनसेंटिमीटर, आणि एक हजार लिटर म्हणजे एक घनमीटर. आपल्या घरी येणारे नळाचे बिल घनमीटरमध्ये असते आणि गोव्यातल्या साळावली धरणाची साठवणक्षमता सुमारे 234 दशलक्ष घनमीटर अशी सांगतात. पाणी तर द्रवच आहे. 1901 ते 1964 या काळात मात्र लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम शुद्ध पाण्यावरून केलेली असल्याने लिटर आणि घनडेसिमीटर यांत दहा लाखांत सुमारे 28 भाग एवढा फरक राहिला होता. 1964 मध्ये ती व्याख्या रद्द झाली आणि दोन्ही मापे तंतोतंत एक झाली.

आता शब्दांविषयी. वस्तूने व्यापलेली जागा ते आकारमान. तीच जागा लांबी, रुंदी व उंचीवरून गणिताने काढली की घनफळ. आणि भांड्यात किती मावते ती धारकता. घागरीची धारकता दहा लिटर असेल आणि तीत चारच लिटर पाणी असेल, तर पाण्याचे आकारमान चार लिटर; घागर ज्या तांब्याची घडवली त्या तांब्याचे आकारमान आणखी वेगळे. या एका घागरीवर तिन्ही प्रश्न विचारले, तर एकच शब्द सर्वत्र का चालणार नाही, हे मुलांना आपोआप कळेल.

पुरवणी प्रश्न (डिचोली) : आमच्याकडे भात कुडवाने मोजत असत आणि वीस कुडवांची खंडी धरत. कुडव हे वजन की आकारमान?

उत्तर (फोंडा) : कुडव हे मापाचे भांडे, म्हणजे त्याचा संबंध धारकतेशी आहे, वजनाशी नाही. हे नाव फार जुने आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात उंच अशा मापाला ‘घनहस्त’ म्हटले आहे, आणि तेवढे धान्य म्हणजे मगधातली एक खारी. तिचा सोळावा भाग द्रोण, त्याचा चौथा आढक, त्याचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा भाग कुडव. गोव्यातला कुडव त्याहून बराच मोठा. परंतु भांड्याचे माप लांबीच्या घनाशी बांधण्याची जी कल्पना लिटरमागे आहे, ती बाराव्या शतकात आपल्याकडे लिहिलेली होती, हे वर्गात अवश्य सांगावे.

धान्याच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. दाण्यांच्या मधल्या फटींत हवा असते, त्यामुळे माप हलवून भरले, की त्यात जास्त धान्य मावते. शिवाय माप काठाशी सपाट केले आहे की त्यावर शीग, म्हणजे काठाच्या वर चढलेली रास, ठेवली आहे, हेही ठरवावे लागते. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार या शिगेवरूनच आला. म्हणून ‘एक लिटर तांदूळ’ म्हणजे फटींतल्या हवेसह एक लिटर, असे समजावे.

पेडण्याच्या बाईंना एक प्रयोग सुचवतो. मोजपात्रात 50 मिलिलिटर पाणी घ्यावे, डोळे पाण्याच्या पातळीशी आणून वक्र पृष्ठाच्या तळाचा आकडा वाचावा आणि नदीतला गुळगुळीत गोटा अलगद सोडावा. पाणी 62 वर गेले, तर गोट्याचे आकारमान 12 घनसेंटिमीटर. मग चिऱ्याचा, म्हणजे सच्छिद्र जांभ्या दगडाचा, कोरडा तुकडा सोडून पाहावा. त्यातून बुडबुडे निघत राहतात, पाणी छिद्रांत शिरते आणि चढलेली पातळी हळूहळू खाली येते. म्हणजे छिद्रे धरून आकारमान हवे की छिद्रे वगळून, हे आधी ठरवावे लागते. छिद्रे धरून हवे असेल, तर तुकड्यावर मेणाचा पातळ थर देऊन तो बुडवावा.