मदत हवी आहे: पश्चात्तापाशिवाय पापक्षमा मिळते का?

मंडळी, आमच्या बायबल अभ्यासवर्गाची गाडी इथे अडली आहे. प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र आधी पश्चात्ताप करायला सांगतो; लूक १७:३ मध्येही तीच अट. पण मार्क २ मधला पक्षाघाती? तो तर तोंडातून शब्दही काढत नाही, तरी येशू त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहून क्षमा जाहीर करतो. येशूने वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली तेव्हा ते चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेत होते! 'मनातल्या मनात पश्चात्ताप झाला असेल' ही मला पळवाट वाटते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने (१५५१) नरकाच्या भीतीने झालेलं पापांबद्दलचं अपुरं दुःखही पापनिवेदनासाठी (धर्मगुरूपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मिळवण्यासाठी) चालतं असं मानलं. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये काय शिकवतात? कोणी वचनांसह सांगेल का?