‘मूळ’ संख्या : कसली मूळ?

तापीकाठ (भुसावळ) : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी २०२४ साली सापडलेल्या प्रचंड मूळ संख्येवर (प्राइम, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेही निःशेष भाग न जाणारी) लिहितोय. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, त्यातून १ वजा. अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०! अडलोय एका वाक्यावर : ‘अशा संख्येत घातांकही मूळ असावा लागतो.’ सहकारी बाईंनी विचारलं, ‘मूळ म्हणजे आधी होता तोच ना?’ ‘अविभाज्य’ लिहू का?

गिरणाथडी : अजिबात नको. ७ ला २ ने भागता येतंच की, साडेतीन येतात. निःशेष भाग जात नाही, एवढंच. शिवाय मूळ, सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्या), जोडमूळ (दोनाच्या अंतरावरच्या मूळ संख्या) हे सगळं एका घरातलं आहे. एक शब्द बदललात तर बाकीच्यांचं काय करणार?

धुळ्याची आई : घर एक असेल, पण पोरांचा घोळ होतो. माझ्या मुलाला गणित आलं : दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते, तर मूळ संख्या काढा. त्याने लिहिलं, ‘अशी संख्या नाही.’ कारण विचारलं तर म्हणाला, अंकांची बेरीज ९ म्हणजे ९ ने भाग जाणार, मग ती मूळ कशी? उत्तर ३६ होतं. गुण शून्य. त्याचा विचार मला आजही बरोबर वाटतो, चूक शब्दाची आहे. हिंदीतला ‘अभाज्य’ घ्यायला काय हरकत आहे?

गिरणाथडी : चूक गणित लिहिणाऱ्याची. ‘आधीची संख्या’ म्हणायचं होतं.

चाळीसगावकर : हिंदीकडे कशाला जायचं? आमच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं कोरलंय. त्यांच्या लीलावतीतल्या कुट्टकात (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायची रीत) ‘दृढ’ शब्द आहे. तोच घ्या, अस्सल आहे.

जुना मास्तर : दृढ जोडीला लागतो हो. तिथलंच उदाहरण पाहा : २२१ आणि १९५ ला १३ ने अपवर्तन दिलं (दोघांना त्याच संख्येने भागलं) की १७ आणि १५ उरतात, ते दृढ. १७ मूळ आहे, पण १५? ३ गुणिले ५! तो आपला ‘सहमूळ’ झाला.

चाळीसगावकर : अर्थ थोडा सरकवला तर बिघडतं कुठे? शब्द असेच वाढतात.

जुना मास्तर : गणितात बिघडतं.

तापीकाठ : पण माझं वाक्य? आणि उलट बाजूही सांगायचीय : ११ मूळ असूनही २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९.

केळीबाग (रावेर) : आमच्याकडे बोलताना ‘ळ’ चा ‘य’ होतो, मूळ नव्हे, मूय. आजी चिंचोके मांडायची. १२ चे दोन ओळी, तीन ओळी, चार ओळी. १३ वा ठेवला की सगळं मोडून एकच लांब ओळ, उंबऱ्यापर्यंत. म्हणायची, हे मूय, सरळ खाली गेलेलं. मला तरी ‘मूळ’ चा अर्थ तिथेच कळला.

चाळीसगावकर : मूय की मुय? आमच्याकडे ऱ्हस्व म्हणतात.