‘एक पद्धत धरा, खिचडी नको’ म्हणणाऱ्यांना

पळसफूल (इंदिरानगर):

परवा ‘शिस्तीचा_बाप’ यांनी नाशिकच्या बालवाड्यांवर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माँटेसरी (साधनं हाताळत शिकणं), वॉल्डॉर्फ (गोष्टी आणि कल्पनेतून शिकणं) आणि निसर्गशाळा (बाहेर मातीत शिकणं) हे तीन वेगळे विचार आहेत. ते एकत्र कालवणाऱ्या बालवाड्या पालकांना फसवतात. पोरं चिखलात सोडायची, रागवायचं नाही आणि फी घ्यायची. एक पद्धत धरा, नाहीतर सरळ पाटी-पेन्सिल द्या. त्याखाली धडाधड ‘सहमत’ पडले. उत्तर द्यायचं नाही असं मी दोन दिवस ठरवत होते, पण राहवलं नाही.

मी सात वर्षं घराच्या अंगणात बालवाडी चालवते. मुलं १४, मी आणि एक ताई.

ही ‘खिचडी’ काल गंगापूर रोडवर शिजलेली नाही. गुजरातच्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं ते इटलीच्या मारिया माँटेसरीबाईंच्या विचारावर, पण गोष्टी आणि नाटकं आपल्या मातीतली घातली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मूळची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हतीच. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, पानं, दगड गोळा केले. मुलं शाळेत येईनात, तर शाळा वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच कामातून आला. यातली ‘एक पद्धत’ कोणती, सांगाल?

गेल्या जूनमधली एक सकाळ सांगते. साडेतीन वर्षांचा मुलगा जास्वंदीखाली बसून तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतत होता. रोजचंच काम. फुलपात्राच्या कडेवर एक गोगलगाय चढली. त्याने तांब्या तसाच तिरका धरला. पाणी तांब्याच्या काठावर आलेलं, पण एक थेंब सांडू दिला नाही. गोगलगाय कडेवरून पलीकडे उतरेपर्यंत हात हलला नाही. मग पुन्हा ओतायला लागला. मी एक शब्द बोलले नाही. यात माँटेसरी कुठे संपली आणि निसर्गशाळा कुठे सुरू झाली?

आणि ‘रागवायचं नाही’ म्हणजे मोकाट सोडणं नाही. आमच्याकडे जो चावतो तोच ओला रुमाल आणतो आणि ज्याला चावला त्याच्या हातावर धरून बसतो, रडणं थांबेपर्यंत. हे धपाट्यापेक्षा जास्त वेळ खातं.

शिस्तीचा_बाप:

ताराबाईंबद्दल आदर आहेच. त्यांचं नाव घेतलं की प्रश्न मिटला असं मात्र समजू नका.

माझा मुद्दा विसंगतीचा होता, त्याला तुम्ही हातच लावला नाही. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं. चार-पाच वर्षांची मुलं तिथे लिहू लागली, सँडपेपरच्या अक्षरांवर बोट फिरवून. वॉल्डॉर्फ पद्धत काढणाऱ्या रुडॉल्फ स्टायनरची शाळा १९१९ची, श्टुटगार्टमधल्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. तिथे दुधाचे दात पडायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या वर्षापर्यंत, अक्षर दाखवायचं नाही. माँटेसरीबाई म्हणतात, लहान मुलाला आधी खरं जग द्या, परीकथा नंतर. स्टायनरवाले परीकथेवरच मूल वाढवतात, त्यांच्या बाहुलीला नीट चेहरासुद्धा काढत नाहीत. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. तुमच्याकडे चार वर्षांच्या मुलीने ‘माझं नाव कसं लिहायचं?’ असं विचारलं तर तुम्ही काय करता? सरळ उत्तर द्या, गोगलगाय नको.

सातपूरकर:

शिस्तीचा_बाप, १०० टक्के सहमत. मी अंबडला शिफ्टमध्ये काम करतो. मुलगी दोन वर्षं अशाच खेळाच्या बालवाडीत होती. वर्षाला ५०,००० रुपये. ती खूश, आम्ही खूश. पहिलीच्या प्रवेशाला गेलो तर बाईंनी कागद पुढे केला, ‘बाळा, नाव लिही.’ तिने मोर काढला. चांगला काढला होता. बाईंनी बाजूच्या मुलाचा कागद मला दाखवला, त्यावर एक ते पन्नास अंक होते. रिक्षात पोरीने विचारलं, ‘पप्पा, मी ढ आहे का?’

त्यानंतर चार महिने सेकंड शिफ्ट करून आल्यावर सकाळी सहाला उठून मी तिच्याकडून स्टँडिंग लाईन, स्लीपिंग लाईन गिरवून घेतली. ती रडायची. मीही एकदा रडलो. निसर्ग वगैरे ज्यांच्या पोरांना पुढच्या शाळेची भीती नाही त्यांना लखलाभ.

पळसफूल:

सातपूरकर दादा, वाचून पोटात कालवलं. पण त्या शाळेने जे केलं ते बेकायदा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला मनाई आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीही खेळातूनच शिकवायची आहे. तुमची मुलगी कमी पडली नाही, त्या बाई चुकल्या.

सातपूरकर:

कायद्यात बंद, दारात चालू. मी काय कायदा छापून पोरीच्या दप्तरात घालू? तुम्ही सोडलेल्या मुलांना पुढची शाळा काय विचारते ते तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? आम्हाला ती गोष्ट कोणी सांगितली नाही. माझा राग त्याचा आहे.

आडगावचा_बागायतदार:

थोडं अवांतर, पण लिहितोच. निसर्गवाल्या शाळांनी आमच्या द्राक्षबागा सोडाव्यात. डिसेंबरात एक बस आली, ३० पोरं, न विचारता बांधावर. आदल्या संध्याकाळी भुरी रोगावरच्या औषधाची फवारणी झालेली. पोरं पानं तोडताहेत, तीच बोटं तोंडात. मी ओरडलो तर मॅडम म्हणाल्या, ‘मुलांशी हळू बोला.’ युरोपला जाणाऱ्या घडावर औषधाचा अंश, रेसिड्यू, तपासतात, त्या पोरांच्या बोटांचं कोण तपासणार? शेत म्हणजे फोटोची जागा नाही. गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची) बागेत पाऊल टाकायचं तर आधी शेतकऱ्याला विचारा की फवारा कधी मारला. उसाच्या कडेने जायचं असेल तर बिबट्याचंही विचारा.

जुनी_बालवाडीताई:

मी पंचवटीत २६ वर्षं बालवाडी घेतली. खोली एक, मुलं ३८, मदतीला एक बाई. सगळ्यांचं वाचलं.

सातपूरकर भाऊ, तुमची मुलगी मोर काढत होती ना, मग तिचा हात तयारच होता. माझ्याकडे एक मुलगा होता, पेन्सिल मुठीत धरायचा, खराट्यासारखी. त्याच्या आईने फटके देऊन पाहिलं. मी त्याला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. अंगठ्याचं नख शिवणीत घालायचं, दाबायचं, शेंग उघडली की चिमटीने दाणा काढायचा. पहिल्या दिवशी चार शेंगा झाल्या आणि दाणे सगळे चेचले. पंधरा दिवसांनी सूपभर. मग गजऱ्याची फुलं ओवली. संक्रांत झाल्यावर पेन्सिल दिली, ती त्याने आपणहून तीन बोटांत धरली. मला तेव्हा माँटेसरी नीट माहीत नव्हती, त्या स्टायनर साहेबांचं तर नावही ऐकलं नव्हतं.

पण पळसफूल, तुझ्या १४ मुलांत तो ओला रुमाल धरायला वेळ मिळतो. ३८ मुलांत दुसरा कोणीतरी चावतो तोवर. मायेने वागायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मदतनीस बाई १६ वर्षं माझ्यासोबत होत्या. पोरांची शी-शू त्यांनी काढली, पोरं झोपायची त्यांच्याच मांडीवर. गेल्या तेव्हा हातात नारळ आणि साडी.

दोन_पोरांची_आई:

ताई, अगदी मनातलं बोललात. मी स्वतः कॉलेज रोडजवळच्या एका प्ले-स्कूलमध्ये दोन वर्षं काम केलं. भिंतीवर ‘हळुवार बालपण’ असं मोठं लिहिलेलं. पगाराच्या सहीला आकडा एक, हातात दुसरा. मुलांवर आवाज चढवायचा नाही ही ताकीद होती, आमच्यावर मात्र रोज चढायचा. अंगणवाडी सेविकांना अजूनही पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि वर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरत बसायची.

शिस्तीचा_बाप:

धागा शिक्षणपद्धतीवर आहे, पगारावर नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुनी_बालवाडीताई:

पगारावरच आहे, साहेब. तुमच्या दोन्ही परदेशी पद्धती कागदावर कितीही भांडोत, वर्गात जी बाई उभी आहे तीच पद्धत. ती वर्षात दोनदा बदलली की मूल तिसऱ्या बाईजवळ जात नाही. मी पाहिलंय. दाराच्या कडीला धरून उभं राहतं.

शिस्तीचा_बाप:

हे भावनिक आहे.

दोन_पोरांची_आई:

तीन वर्षांच्या पोराचं सगळं भावनिकच असतं! तुमचं मूल कोणी सांभाळलं हो? त्या बाईचं नाव तरी आठवतं का?

शिस्तीचा_बाप:

आठवतं. तिच्या हातून माझा मुलगा जेवायचा, माझ्या हातून नाही. ती अर्ध्या वर्षात बालवाडी सोडून गेली आणि तो महिनाभर रात्री दचकून उठायचा. तेव्हाच मी या ‘मिश्र’ बालवाड्यांवर चिडलो. पगाराचा मुद्दा मान्य. विसंगतीचा माझा प्रश्न तरीही कायम आहे.

पळसफूल:

उत्तर देते. चार वर्षांच्या मुलीने नाव विचारलं तर मी परातीत वाळू घेते, बोटाने नाव काढते, ती त्यावर बोट फिरवते. विचारलं नाही तर मी दाखवत नाही. गोष्टी मात्र राक्षसाच्याही सांगते, चिमणी-कावळ्याच्याही.

शिस्तीचा_बाप:

म्हणजे अक्षराच्या बाबतीत तुम्ही माँटेसरीकडे आणि गोष्टीच्या बाबतीत दुसरीकडे. मग स्टायनरचं नाव फलकावर कशाला? त्यांच्या मुख्य अटीवरच तुम्ही फुली मारलीत.

पळसफूल:

माझ्या फलकावर तीनही नावं आहेत हे खरं. पहिल्या वर्षी लिहिली, कारण पालक विचारायचे ‘कोणती पद्धत?’ आणि ‘माझी’ म्हणायची हिंमत नव्हती. नावं पुसते. तेवढं तुमचं बरोबर. एकत्र करणं म्हणजे फसवणूक, हे मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

सातपूरकर दादा, तुमचंही. पुढच्या शाळा काय मागतात हे मी पालकांना पहिल्याच सभेत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मुलं कमी होतील ही भीती होती.

दोन_पोरांची_आई:

आणि तुमच्या ताईंचा पगार?

पळसफूल:

लिहिते. १४ मुलं, महिना प्रत्येकी २,५००, म्हणजे ३५,०००. ताईंना ८,०००. खाऊ, साहित्य, वीज-पाणी मिळून ९,०००. उरतात ते १८,००० माझे. घर स्वतःचं म्हणून हे चालतं, भाडं असतं तर बंद पडलं असतं.

सातपूरकर:

मे महिन्यात बालवाडी बंद असते. तेव्हा ताईंना काय देता?

पळसफूल:

काही नाही. आत्तापर्यंत काही दिलेलं नाही.

आकडा लिहिताना मलाच बघवला नाही. जूनपासून १०,००० करते आणि मे महिन्याचे पूर्ण देते. फी २०० रुपयांनी वाढवावी लागेल, पालकसभेत कारण सांगूनच वाढवीन.

आडगावचा_बागायतदार:

कारण सांगितलं तर लोक देतात. आणि मुलांना बाग दाखवायचीच असेल तर एप्रिलमध्ये खरड छाटणी (फळं निघाल्यावरची) झाली की आणा. काड्या वेचतील. फवारा मारलेला नसेल तो दिवस मी सांगेन, स्वतः सोबत फिरेन.

जुनी_बालवाडीताई:

मे संपला की इथेच लिही गं, दिलेस की नाही ते. मी विचारणार आहे.