शेजारचीच रांग का पळते? सगळ्यांची मिळून एकच रांग हवी की नको?

रांगेतला_शेवटचा
चार काउंटर, चार रांगा. आपण अंदाज घेतो, काउंटरमागचा माणूस चटपटीत आहे की पेंगतोय ते बघतो आणि सगळ्यांत छोटी रांग पकडतो. नेमकं आपल्या पुढच्याचं कार्ड चालत नाही. तो दुसरं काढतो, त्याचा पिन आठवत नाही. मग घरी फोन. घरचे उचलत नाहीत. तोवर शेजारच्या रांगेत आपल्यानंतर आलेली बाई काम उरकून बाहेर पडलेली असते, आणि वर जाताना आपल्याकडे बघतेसुद्धा!

यात नशीब वगैरे काही नाही. चारही रांगा सारख्याच असतील, तर आपलीच सगळ्यांत वेगवान असण्याची शक्यता चारात एक. कुठली तरी दुसरी रांग पुढे जाणार हे जवळपास ठरलेलंच. म्हणून माझं मत: एकच रांग करा, जो काउंटर रिकामा होईल तिथे पहिला माणूस जाईल. डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी टेलिफोनच्या कॉलवरून रांगांच्या या गणिताचा पहिला निबंध 1909 मध्ये लिहिला. आपण अजून रांगा बदलत फिरतोय.

मी_पाहून_घेईन
साफ असहमत. रांग निवडणं ही कला आहे, ती माझ्याकडून काढून घेऊ नका. लोक डोकी मोजतात, तिथेच फसतात. प्रत्येक गिऱ्हाईकामागे पाकीट शोधणं, सुट्टे काढणं, पावती घडी घालून ठेवणं हे होतंच, सामान कितीही असो. त्यामुळे एकेक वस्तू घेतलेल्या सात जणांपेक्षा भरगच्च गाडी घेतलेला एकटा बरेचदा परवडतो. आणि तुमची ती एकच रांग दारापर्यंत गेलेली दिसली की माणूस आल्या पावली परत फिरतो.

रांगेतला_शेवटचा
लांब दिसते, पण सरकते पण तशीच. एक जण पिन आठवत बसला तरी बाकीचे काउंटर चालूच राहतात. आणि नंतर आलेला आधी गेला, ही जळजळ तर उरतच नाही.

बाकी_शून्य
जळजळ जाते, मान्य. वेळ किती वाचतो हा वेगळा प्रश्न. लोक मोकळ्या काउंटरकडे पटकन उडी मारत असतील, तर चार रांगा काय आणि एक काय, सरासरी जवळपास तीच येते. फरक एवढाच, की एका रांगेत कुणी फार सुटत नाही, कुणी फार अडकत नाही.

मी_पाहून_घेईन
घ्या! म्हणजे माझं सुटणं बंद. मला नकोय ही समता.

उलट_तपासणी
काउंटरमागच्या माणसाचाही विचार करा की. रांग सगळ्यांची झाली की ती कुणाचीच राहत नाही. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागावर 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे सामायिक यादीऐवजी प्रत्येक डॉक्टरला आपापले रुग्ण नेमून दिले, तेव्हा रुग्ण लवकर मोकळे झाले. 'ही माझी रांग' म्हटलं की हात आपोआप चालतात.

रांगेतला_शेवटचा
डॉक्टरांचं ठीक आहे हो. आमच्या नशिबी येणाऱ्या काउंटरवर समोर रांग दिसली की पाटी लागते, 'शेजारच्या काउंटरवर जा'.

फक्त_एक_विचारायचंय
कुठलीही पद्धत आणा, 'मला फक्त एकच विचारायचंय' म्हणत बाजूने येणाऱ्याचं काय करणार? एक विचारतो, त्याला फाटे फुटतात, शेवटी पिशवीतून कागदांचा गठ्ठा निघतो. आपण काही बोललो तर आपणच भांडखोर.

बाकी_शून्य
तुमचं सदस्यनाम बघून भीती वाटली.

मी_पाहून_घेईन
टोकनवाले अजून आले नाहीत वाटतं?

उलट_तपासणी
टोकनचं नाव काढू नका. माझा नंबर ब-41. फलकावर ब-40 लागला, मी उठून उभा राहिलो, तर पुढे अ-12, क-7, अ-13. ब कुठल्या खिडकीवर आहे विचारलं, तर म्हणाले, "ते जेवायला गेलेत."