राणीला पाच गुण, अंगठा बंद, वीस मिनिटांचा टाइमर: हे कॅरमसाठी की प्रेक्षकांसाठी?

कळव्याचा पंच:
काल आपल्या ठाण्याच्या कॅरमवाल्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरली, ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विश्वचषक एकदा नवी मुंबईत भरवा, वाशीला सिडकोचं एक्झिबिशन सेंटर आहे, स्टेशन जवळ आहे, इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण पुढे लिहिलंय की त्याआधी आंतरराष्ट्रीय फेडरेशनने नियम बदलावेत: राणीला तीनऐवजी पाच गुण, 25 गुणांचा गेम बंद करून वीस मिनिटांचा टाइमर, आणि अंगठ्याने मारायला बंदी. वर शेवटी हेही की ह्या स्पर्धांत "आपलीच माणसं परदेशात जाऊन आपल्यालाच हरवतात". मी बरीच वर्षं जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बसतोय, तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमलं नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी राणी. एका बोर्डात, म्हणजे एका डावात, जास्तीत जास्त किती गुण होतात? समोरच्याच्या उरलेल्या नऊ सोंगट्यांचे नऊ आणि राणीचे तीन, म्हणजे 12. आता एखाद्याने पहिले दोन्ही बोर्ड साफ मारले, एक ब्रेक टू फिनिश (स्वतः ब्रेक करून एकाच पाळीत सगळ्या सोंगट्या) आणि दुसरा ब्लॅक टू फिनिश (समोरच्याच्या ब्रेकनंतर आपल्या पहिल्याच पाळीत सगळ्या), तरी त्याचे 24 च होतात, तिसरा बोर्ड खेळावाच लागतो. राणी पाचची करा, बोर्ड 14 चा होतो, दोन बोर्डांत 28, गेम संपला. समोरचा माणूस एक ब्रेक घेऊन घरी. हे बघायला तुम्ही वाशीला तिकीट काढून येणार आहात का?

आणि 22 झाल्यावर राणीचे गुण मिळत नाहीत ह्याला पोस्टमध्ये "अन्याय" म्हटलंय. अहो, त्याच नियमामुळे शेवट शेवट राहतो. 22-19 चा बोर्ड बघा कधी. 22 वाल्याला तीन गुण समोरच्याच्या सोंगट्या बोर्डवर उरवूनच काढावे लागतात, राणी घेऊन सुटका नाही. तरी तो राणीच्या मागे जातोच, कारण ती समोरच्याने घेऊन कव्हर केली, म्हणजे तिच्यामागे लगेच आपली सोंगटी घेतली, आणि मग बोर्डही मारला तर तीन सोंगट्या आणि राणी मिळून त्याचे 25 होतात. इतका ताण एका लाल सोंगटीवर असतो आणि आपण म्हणतो लोकांना कळत नाही.

टाइमरचं तर बोलूच नका. पुढे असलेला प्रत्येक शॉटला नियमातले पंधरा सेकंद पूर्ण घेत बसेल, पावडर पुसेल, घाम पुसेल. गेमला जास्तीत जास्त आठ बोर्ड, म्हणजे चार ब्रेक तुझे चार माझे, ह्यापेक्षा सरळ हिशोब मला तरी माहीत नाही.

घोडबंदर रोडवाला:
पोस्ट माझी आहे, लपून कशाला राहू. पंचसाहेब, 25 चं गणित बरोबर आहे, ते मी तसं मोजलं नव्हतं, पण तुम्ही माझा मुद्दाच बाजूला टाकलात. मी कॅरम वाईट म्हणत नाहीये, मी म्हणतोय ते दिसत नाही. 2024 ला अमेरिकेत विश्वचषक झाला, चेन्नईच्या काझिमाने तीन सुवर्णं आणली, एकेरी दुहेरी आणि सांघिक, तिचे वडील रिक्षा चालवतात, तामिळनाडू सरकारने एक कोटी दिले. आमच्या टॉवरमध्ये खाली उभं राहून विचारा, दहातले नऊ म्हणतील कॅरमचा पण विश्वचषक असतो? बेस्ट ऑफ थ्री, प्रत्येक गेम आठ बोर्डांपर्यंत, म्हणजे चोवीस बोर्ड झाले तर कोण बसेल? क्रिकेटवाल्यांनी वीस षटकं केलीच ना? तेव्हाही जुनी मंडळी असंच म्हणत होती.

आणि "आपलीच माणसं" ह्यावर मी ठाम आहे. फायनल बघा. भारत किंवा श्रीलंका. बाकीचे देश उद्घाटनाला झेंडे घेऊन येतात.

कळव्याचा पंच:
श्रीलंका "आपलीच माणसं" कधीपासून झाली? 2012 ला कोलंबो आणि 2016 ला बर्मिंगहॅम, दोन्ही वर्ल्ड चॅम्पियनशिपला पुरुष एकेरी निशांता फर्नांडोने मारली, आपल्या सगळ्यांना मागे टाकून. 2018 ला कोरियात विश्वचषक आपल्या प्रशांत मोरेने आणला तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. स्वित्झर्लंड, जर्मनी, पोलंडमधले लोक सुट्टी टाकून, स्वतःच्या खिशातून येतात, त्यांना झेंडेवाले म्हणू नका. आणि दिसत नाही हा दोष कॅमेऱ्याचा. वरून एक कॅमेरा बोर्डवर सरळ लावला, बाजूला गुण लिहिले, बोलायला एखादा जुना खेळाडू बसवला की माझी बायकोसुद्धा बघते. त्याला राणी पाचची करावी लागत नाही.

नौपाड्याचे काका:
तुमचं दोघांचं चालू द्या पण अंगठ्यावर कोणीच का बोलत नाही? त्या पोस्टमधली तेवढी एकच गोष्ट मला शंभर टक्के पटली. आमच्या वेळी वाड्यात अंगठा लावला तर स्ट्रायकर काढून घ्यायचे. अंगठ्याने टोला बसत नाही, अंगठा ढकलतो. बेस लाईनच्या मागची सोंगटी कटवर घ्यायला आम्ही मनगट वळवून वळवून शिकलो, आता पोरं अंगठा टेकवतात आणि घेतात. हा खेळ बोटाचा आहे. फेडरेशनने परवानगी दिली म्हणून बरोबर होत नाही.

रबाळेकर:
काका, मी अंगठ्यानेच खेळतो. एमआयडीसीत प्रेसवर उजव्या हाताच्या दोन बोटांचे पुढचे पेर गेले, तेव्हा मी पंचविशीत होतो. त्याच्या आधी कंपनीच्या स्पर्धेत मला सगळे ओळखायचे. वर्षभर बोर्डला हात लावला नाही. मग एकाने सांगितलं की आंतरराष्ट्रीय नियमांत कुठल्याही बोटाने मारता येतं, अंगठासुद्धा चालतो, मी ते कागदावर छापून खिशात ठेवायचो. कारण एका गणेश मंडळाच्या स्पर्धेत मला भर बोर्डात थांबवलं होतं, सात सोंगट्या माझ्या गेल्या होत्या, आयोजक म्हणाला अंगठा आमच्याकडे चालत नाही, आधी सांगायला हवं होतं. खिशातला कागद दाखवला तर म्हणाला हे तिकडचं. तुम्ही जे लिहिलंत ना ते वाचून तोच माणूस आठवला.

नौपाड्याचे काका:
तुमच्या हाताचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण भाऊ, एका माणसाच्या अडचणीवरून सगळ्या जगाचा नियम ठरवायचा का? तुम्हाला सूट द्या, माझी हरकत नाही. धडधाकट पोरांनी का म्हणून अंगठा लावायचा?

रबाळेकर:
मला सूट नकोय. सूट दिली की जिंकलो तरी "सूट होती" म्हणणार, हरलो तर "बिचारा" म्हणणार. आज मी आणि समोरचा एकाच नियमाने बसतो, तेवढ्यासाठी मी खेळतो. आणि ढकलणं वेगळं, अंगठा वेगळा. स्ट्रायकर मारायचा असतो, ढकलायचा नाही, हे नियमातच आहे आणि ते पहिल्या बोटालाही लागू आहे. तर्जनीने ढकलणारे मी ढिगाने बघितलेत, त्यांना कोणी थांबवत नाही कारण ते "बरोबर" बोट वापरतात.

नौपाड्याचे काका:
म्हणजे आम्ही आयुष्यभर खेळलो ते चुकीचं आणि आता तुम्ही शिकवणार. छान.

कळव्याचा पंच:
काका, तसं कोणी म्हटलं नाही, उगाच चिडू नका. पंच म्हणून सांगतो, ढकललेला शॉट कानाने कळतो. मारला की टक् असा आवाज येतो आणि स्ट्रायकर लगेच सुटतो, ढकलला की आवाज येत नाही, बोट स्ट्रायकरबरोबर दोन-तीन सेंटीमीटर पुढे जातं. अंगठ्याच्या नखाचा टोला तर्जनीइतकाच स्वच्छ असू शकतो. अडचण अशी आहे की हे पकडायला पंच बोर्डला चिकटून बसलेला पाहिजे आणि आपल्याकडे चार बोर्डांना एक पंच फिरत असतो.

घोडबंदर रोडवाला:
मी अंगठ्याचं लिहिलं ते दिसायला वाईट दिसतं म्हणून. रबाळेकर, तुमच्यासारख्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता हे खरं. तो मुद्दा मी सोडतो. बाकीचे नाही.

नेरुळची आई:
पुरुष मंडळींनो, बोट कुठलं ह्यावर दिवस घालवलात. माझी मुलगी राज्य पातळीवर खेळते, मी तुम्हाला सांगते स्पर्धा कुठे मरते. सकाळी नऊचा रिपोर्टिंग टाइम, मुलींची मॅच लागते रात्री साडेआठला, कारण पुरुषांचे बोर्ड लांबले. हॉलमध्ये पंखे बंद, कारण पावडर उडते. एसी लावला तर फुल लावतात आणि दार उघडंच. जुलैमध्ये एका स्पर्धेला गेलो होतो, बोर्ड आदल्या रात्री टेम्पोतून आणलेले, दमट झालेले, स्ट्रायकर अर्ध्यातच थांबायचा, मुली ताकद लावून लावून बोटं सुजवून घेत होत्या. नियमात 15 ग्रॅमपर्यंत स्ट्रायकर चालतो, माझ्या मुलीचा त्याहून हलका आहे कारण तिचा खेळ कटचा आहे, त्या बोर्डवर हलका स्ट्रायकर म्हणजे संपलंच. प्लायवूड त्या हॉलच्या हवेत दोन-तीन दिवस आधी ठेवून, रोज पावडर मारून, खेळून मोकळं करायला नको? विश्वचषक नवी मुंबईत आणायचा असेल तर पावसाळा सोडून आणा, आणि आधी ही कामं करा.

आणि ही मुलं सराव कुठे करणार? आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधला बोर्ड काढून टाकला. का, तर सोंगट्यांचा आवाज येतो आणि पावडर सांडते. तिथे आता चार टेबलं टाकलीत, लोक लॅपटॉप घेऊन बसतात. कमिटीत मी एकटी विरोधात होते. आता घरातला सोफा बाल्कनीकडे सरकवून बोर्ड लावलाय, स्टँडवर, खुर्चीची उंची मोजून, वर शेडचा बल्ब.

घोडबंदर रोडवाला:
ताई, आमच्याकडेही तसंच, आमच्याकडे तर बोर्ड "मुलं शिव्या देतात" म्हणून काढला. पण बघा, तुमचीच तक्रार माझ्या बाजूची आहे. पुरुषांचे बोर्ड लांबले म्हणून तुमची मुलगी रात्री साडेआठपर्यंत बसली. वेळेची मर्यादा असती तर बसली असती का?

नेरुळची आई:
नसती बसली, मान्य. पण टाइमरने नाही, हॉलमधले बोर्ड वाढवून. सोळा बोर्ड लागतात तिथे आठ लावतात, भाडं वाचवायला. आणि पंधरा सेकंदांचा नियम आहेच की, तो कोणी पाळायला लावतं का? एका मॅचला समोरची मुलगी प्रत्येक शॉटला बोर्डभोवती नजर फिरवत बसायची, मी मनात मोजत होते, पंच मोबाईलमध्ये.

कळव्याचा पंच:
ताईंचं हे लागलं. पंचांच्या बाजूने एवढंच सांगतो की दिवसाला जे मानधन मिळतं त्यात येण्याजाण्याचं आणि जेवणाचं भागतं, तरुण मुलं येत नाहीत, आम्ही तेच ते म्हातारे रात्रीपर्यंत बसतो. पण मोबाईल नको, हे बरोबर. आणि घोडबंदरवाले, वेळच मोजायची तर पूर्ण गेमची मोजू नका, शॉटची मोजा. बुद्धिबळाला घड्याळ असतं तसं छोटं घड्याळ बोर्डच्या बाजूला ठेवा, पंधरा झाले की वाजेल, फाऊल, एक सोंगटी बाहेर. नियम आहे तोच, पंचाला वाद घालावा लागणार नाही. गेम आपोआप वेळेत संपतात.

नौपाड्याचे काका:
ह्याला माझा पाठिंबा. बझर लावा. अर्धे लोक तिथेच गळतील.

रबाळेकर:
काका, पहिल्यांदा आपलं जमलं.

नौपाड्याचे काका:
अंगठ्यावर जमलेलं नाही. पण त्या मंडळाने तुम्हाला मधेच थांबवलं ते चूक. बोर्ड सुरू व्हायच्या आधी सांगायला पाहिजे होतं, सुरू झाल्यावर नियम बदलत नाहीत. सात सोंगट्या गेल्या होत्या म्हणता, तो बोर्ड तुमचाच होता.

घोडबंदर रोडवाला:
शॉटच्या घड्याळावर मला तडजोड चालेल, तीन गेमऐवजी पहिल्या फेऱ्यांना एकच गेम ठेवा आणि वरून कॅमेरा लावा. राणी तीनची ठेवा, 25 च्या गणितावर माझ्याकडे उत्तर नाहीये. 22 नंतर राणीचे गुण नाहीत हे मात्र मला अजूनही पटत नाही, पंचसाहेब, आघाडी घेतलेल्याला शिक्षा कशाला?

कळव्याचा पंच:
शिक्षा नाही हो, त्याला फक्त बोर्ड मारून गेम घ्यायला सांगतायत. पहिल्या फेऱ्यांना एकच गेम ह्याला माझा विरोध आहे, टॉस हरून, दोन वाईट ब्रेक मिळून पोलंडहून आलेला माणूस तासाभरात बाहेर जाईल. त्यापेक्षा ताई म्हणतात तसे बोर्ड वाढवा. सोळा लागत असतील तर सोळाच, आणि ते तीन दिवस आधी हॉलमध्ये.